लोडसेलचे १० मिलिव्होल्ट ०.५ ते ४.५ व्होल्टवर आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० किलोचा, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल (वजनाचा सेन्सर), त्याला दिलेला पुरवठा म्हणजे एक्सायटेशन ५ व्होल्ट, पुढे एलएम३५८ हा साधा ऑप-ॲम्प आणि चार रेझिस्टरचा डिफरन्शियल ॲम्प्लिफायर (दोन तारांमधला फरक वाढवणारा). वजन नसताना आउटपुट शून्यावर येत नाही आणि दिवसभर सरकत राहतं.

लोडसेलला दोष देऊ नका. पूर्ण वजनाला ब्रिजमधून (लोडसेलच्या आतल्या चार रोधांच्या जोडणीतून) १० मिलिव्होल्टच निघतात, म्हणजे १ मिलिव्होल्टला १ किलो. एलएम३५८ चा स्वतःचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही येणारी चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो आणि तो दर अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट सरकतो. तापमान १० अंशांनी चढलं की ७० ग्रॅम फुकट दिसणार. शिवाय ब्रिजच्या दोन्ही सिग्नल तारा मुळात २.५ व्होल्टवर असतात. चार रेझिस्टर तंतोतंत जुळले नाहीत, तर त्यातला अंश सिग्नलमध्ये मिसळतो. १ टक्क्याच्या रेझिस्टरने ही चूक पाव किलोपर्यंत जाऊ शकते. प्रीसेट (मूल्य बदलता येणारा रेझिस्टर) फिरवून आज शून्य जमवाल, उद्या ते पुन्हा हलेल.

इथे इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरच हवा, म्हणजे जुळवलेले रेझिस्टर चिपच्या आतच असलेला. सिंगल ५ व्होल्टवर आयएनए३३३ चांगला चालतो. एडी६२० सगळीकडे सुचवला जातो, पण त्याचं आउटपुट ग्राउंडपासून व्होल्टभर वरच अडतं, त्यामुळे या सप्लायवर तो घेऊ नका.

०.५ ते ४.५ म्हणजे ४ व्होल्टचा स्पॅन (शून्य ते पूर्ण वजनाचा फरक) हवा, म्हणजे गेन (किती पट वाढवायचं ते) ४००. आयएनए३३३ साठी गेन = १ + १०० किलोओहम ÷ आरजी (गेन ठरवणारा बाहेरचा रेझिस्टर), म्हणून आरजी सुमारे २५० ओहम. २२० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये ५० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट लावा. चिपच्या आतल्या पहिल्या टप्प्याचे व्होल्टेज २.५ अधिक-उणे २, म्हणजे ०.५ आणि ४.५ होतात, तेव्हा जागा पुरते. हा हिशोब बरेच जण करत नाहीत आणि मग आउटपुट मध्येच का अडकलं ते कळत नाही.

आता शून्य वजनाला ०.५ व्होल्ट आणणारा ऑफसेट. तो चिपच्या रेफरन्स पिनवर द्यायचा, आउटपुट तिथल्या व्होल्टेजपासून मोजलं जातं. ९१ किलोओहम आणि १० किलोओहमच्या डिव्हायडरने ५ व्होल्टचे ०.४९५ व्होल्ट मिळतात, पण डिव्हायडर थेट पिनला जोडू नका. तो रोध आतल्या जुळवलेल्या रेझिस्टरांचा तोल बिघडवतो आणि कॉमन मोड (दोन्ही तारांवरचे ते सारखे २.५ व्होल्ट) पुन्हा आत शिरतो. मध्ये एमसीपी६००१ सारख्या ऑप-ॲम्पचा बफर (व्होल्टेज तेच ठेवून रोध लपवणारा टप्पा) हवाच. डिव्हायडर, ब्रिज आणि एडीसीचा (आउटपुटचे आकडे करणाऱ्या चिपचा) रेफरन्स तिन्ही त्याच ५ व्होल्टवर ठेवा. सप्लाय थोडा हलला तरी सगळं एका प्रमाणात हलतं आणि वाचन तेच राहतं.

प्लॅटफॉर्मचंच वजन २ किलो असेल तर ०.८ व्होल्ट तिथेच जातात. रेफरन्स ग्राउंडखाली नेता येत नाही, म्हणून ते ब्रिजवरच वजा करा: सिग्नल प्लस आणि एक्सायटेशन मायनस यांच्यामध्ये २२० किलोओहम लावला की ३५० ओहमच्या ब्रिजवर जवळपास २ मिलिव्होल्ट कमी होतात. मेटल फिल्मच वापरा.

नॉइज गाळायला दोन्ही इनपुट तारांत १ किलोओहम, प्रत्येकीवर ग्राउंडकडे १० नॅनोफॅरड, दोघींमध्ये १०० नॅनोफॅरड. मधला कपॅसिटर मोठा ठेवण्याचं कारण असं की बाजूचे दोन एकमेकांशी कधीच नेमके जुळत नाहीत.

लोडसेल जोडण्याआधी दोन्ही इनपुट एकत्र करून २.५ व्होल्टला बांधा. आउटपुट रेफरन्सइतकंच आलं पाहिजे. इनपुट मोकळे सोडून केलेल्या मोजणीला अर्थ नाही. तारांच्या रंगांवरही विसंबू नका: मल्टिमीटरने मोजा, एक्सायटेशनच्या जोडीचा रोध सहसा सिग्नलच्या जोडीपेक्षा थोडा जास्त भरतो.

वाचन फक्त मायक्रोकंट्रोलरलाच द्यायचं असेल तर हा खटाटोप नको, एचएक्स७११ (लोडसेलसाठीच बनवलेली ॲम्प्लिफायर आणि एडीसीची चिप) लावा. पीएलसीला (कारखान्यातल्या यंत्रांच्या कंट्रोलरला) ॲनालॉग सिग्नल हवा असेल किंवा सेकंदाला ८० पेक्षा जास्त वाचनं हवी असतील तरच हे सर्किट.

कॅलिब्रेशनला आधी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर रेफरन्सने ०.५ आणा, मग १० किलो ठेवून गेनने ४.५. गेन हलला की ब्रिजच्या स्वतःच्या असमतोलामुळे शून्यही किंचित हलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. शेवटी ५ किलो ठेवा, २.५ व्होल्ट यायला हवेत. तिथे ठळक फरक दिसला तर सर्किट उचकटू नका. लोडसेल किंवा प्लॅटफॉर्म कुठे टेकतोय का ते आधी पाहा.