शब्द आणि चाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टीव्हीवरचे गाण्यांचे कार्यक्रम पाहून मीही गाणी लिहायला घेते. मुखडा जमतो, पुढे सगळं अडतं. काय करू?

उत्तर : आधी वार ठरवा. ‘गीतरामायण’ आठवा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांनी आठवड्याला एक, अशी ५६ गाणी दिली. प्रसारणाची वेळ कुणासाठी थांबत नाही. तुम्हीही शुक्रवार धरा, गाणं कच्चं असलं तरी घरच्यांना ऐकवाच.

दुसरी गोष्ट त्याच गाण्यांतून घ्यावी : बोलतंय कोण? तिथे जवळपास प्रत्येक गाणं एका पात्राच्या तोंडी आहे. अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं, अडतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण मुखड्यातच सगळं सांगून झालेलं असतं. बोलणारी व्यक्ती आणि तिच्यासमोरचा माणूस ठरला, की तिला पुढे काय म्हणायचंय ते सापडतं.

आता मात्रा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाचं माप. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन; अनुस्वारामुळे ‘अं’च्याही दोन. ‘पाणी आले, भिजले अंगण’ : चार-चारचे चार गट, सोळा मात्रा, म्हणजे केरवा या आठ मात्रांच्या तालाच्या दोन फेऱ्या. ‘पाणी’ऐवजी ‘पाऊस’ घातलात की पाच होतात आणि ‘आले’ ठोक्यावरून घसरतं. शब्द हवाच असेल तर ओळ नव्याने बांधा, ओढूनताणून गाऊ नका. मांडीवर ठेका धरून ओळ म्हणा. चूक कागदापेक्षा हाताला आधी कळते. सुरुवातीला दोनच अंतरे पुरेत.