डेमोत सगळीच सॉफ्टवेअर सोपी दिसतात, खरं सोपं कोणतं हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, तीन-चार जणांनी डेमो दिले आणि प्रत्येक जण म्हणतो आमचंच सगळ्यात सोपं. मग ठरवायचं कसं?

मी काही संगणकातली जाणकार नाही. इचलकरंजीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात २२ वर्षं एंट्र्या करतेय. यंत्रमागवाले, सूतवाले, थोडी दुकानं अशा आमच्या पार्ट्या. दिवसाला दीडशे-दोनशे व्हाउचर, म्हणजे एकेका व्यवहाराच्या नोंदी, हाताखालून जातात. तेव्हा हे माझ्या बोटांचं मत आहे असं समजा.

दिसायला सोपं वेगळं आणि हाताला सोपं वेगळं. पहिलं डेमोत कळतं. दुसरं कळायला मार्चएंड यावा लागतो.

आम्ही ज्यावर हिशेब लिहितो त्या टॅली सॉफ्टवेअरचंच घ्या. त्याचा स्क्रीन बघून आजवर कुणी प्रेमात पडलं नसेल. नवीन मुलगी ऑफिसात आली की पहिले चार दिवस तोंड वाकडं करते. आठवड्याने बघावं तर माउस बाजूला सरकवलेला असतो आणि त्या जागी चहाचा कप. पेमेंटला एफ-५, रिसीटला एफ-६, जर्नलला एफ-७, सेल्सला एफ-८, पर्चेसला एफ-९. तारखेच्या जागी नुसतं ५-४ टाकलं की वर्ष ते स्वतः भरतं. व्हाउचर अर्धं झालंय आणि पार्टीचं खातंच उघडलेलं नाही, असं दिवसातून दहादा होतं. तिथल्या तिथे ऑल्ट-सी दाबायचं, खातं उघडायचं, परत आलात की व्हाउचर जिथे सोडलं होतं तिथेच. मधे फोन आला, पार्टी समोर येऊन बसली, तरी काही हरवत नाही.

१९८६ मध्ये गोयंका पितापुत्रांनी बंगळुरात हे काम सुरू केलं, तेव्हा संगणकावर हिशेब ठेवायचा म्हणजे प्रत्येक खात्याला कोड द्यायचा आणि तो लक्षात ठेवायचा अशी रीत होती. टॅलीने ती काढून टाकली आणि नावानेच खातं शोधायची सोय दिली. खतावणीत आपण नावच लिहायचो ना? माझ्या मते टॅलीची खरी करामत तीच. मुनीमजींना संगणकासारखा विचार करायला लावलं नाही.

दोषही आहेत. व्हाउचर ऑल्ट-डी करून वर ‘येस’ म्हटलं की गेलं, कंट्रोल-झेडने परत येत नाही. २०२० मध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली तेव्हा क्रेडिट नोट (विकलेला माल परत आला की करतात ती नोंद) कंट्रोल-एफ८ वरून ऑल्ट-एफ६ वर गेली. कागदावर हा एका ओळीचा बदल, पण दहा वर्षं वळण पडलेल्या हाताला विचारा! बरं केलं की एफ-४ ते एफ-९ ला हात लावला नाही, आणि ऑल्ट-जी दाबून हवं ते नावाने शोधायची सोय दिली.

आता उलट उदाहरण. आमच्या एका पार्टीने दुकानात एक बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं, नाव सांगत नाही. स्क्रीन एकदम गोजिरा. मोठमोठी रंगीत बटणं, प्रत्येक मालाला चित्र, सगळं मराठीत. मालक खूश. चुकलेलं बिल रद्द करायला गेलं की चौकट यायची, ‘हे बिल रद्द करायचे आहे का?’ आणि खाली दोन बटणं: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’.

तुम्ही कोणतं दाबाल? मालकांचे भाऊ ‘रद्द करा’ दाबायचे. चौकट निघून जायची, बिल तसंच राहायचं. ते समजायचे काम झालं, आणि दुसरं बिल करायचे. जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरायच्या आधी आम्ही जुळवणी केली तेव्हा विक्री फुगलेली निघाली. दुपारभर एकेक बिल शोधत बसलो. मालकांच्या भावाची चूक शून्य. इंग्रजी चौकटीतल्या ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’चं शब्दाला शब्द मराठी केलं, पण गिऱ्हाईक वाट बघत असताना ती कुणी वाचून बघितली नाही. ‘बिल रद्द करा’ आणि ‘बिल राहू द्या’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये तारीख टाइप करता येत नव्हती, कॅलेंडरमधूनच निवडायची. एप्रिलमध्ये मार्चची बिलं भरायची तर दर बिलाला बाण दाबून महिना मागे न्यायचा. डेमोत एकच बिल करतात, तेही आजच्या तारखेचं. त्यामुळे हे तिथे कळायचं नाही.

एक्सेलबद्दल विचारलं नाहीत, पण तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून सांगते. मालाची यादी एक्सेलमध्ये करताना साइजच्या रकान्यात ३/४ टाकलं की ते पाऊण इंच राहत नाही, तारीख होऊन बसतं. आधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या. सोळा आकडी खाते नंबर टाकला तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे धरतं. नंबराच्या सुरुवातीची शून्यंही उडतात. या तारखेच्या हौसेपायी शास्त्रज्ञांना २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलावी लागली, कारण मार्च१ नावाचं जनुक एक मार्च होऊन बसायचं. ही आपोआप बदलाबदल बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये. न विचारता मदत करणारं सॉफ्टवेअर मला न सांगता कपाट आवरणाऱ्या पाहुण्यासारखं वाटतं.

पण त्याच एक्सेलचं एक कौतुक. २००७ मध्ये ऑफिसचे जुने मेनू गेले आणि वर ती रुंद पट्टी आली. लोक वैतागले होते. तरी ऑल्ट, ई, एस, व्ही आणि मग एंटर या क्रमाने बटणं दाबली की फक्त आकडे चिकटवायची जुनी वाट आजही चालते. ‘एडिट’ मेनू दिसत नाही, पण त्याच्या की जिवंत ठेवल्या आहेत. कुणीतरी जुन्या हातांचा विचार केला.

तर तुमच्यापुरतं सांगायचं झालं तर पुढच्या डेमोला माउस काढून ठेवा आणि सलग तीन बिलं करायला बसा. त्यातलं एक मागच्या महिन्याच्या तारखेचं. एकात मुद्दाम चुकीचा दर टाका आणि दुरुस्त करायला किती ठिकाणी जावं लागतं ते मोजा. एका बिलात गिऱ्हाईक मधेच म्हणालं, ‘ते पाइप नको, दोन एल्बो वाढवा,’ असं धरून चाला. नवीन माल निघाला तर अर्धं बिल सोडून बाहेर जावं लागतं का ते बघा. एक बिल रद्द करा आणि यादीत ते रद्द झालेलं दिसतंय का तपासा. तुमची एक्सेलची यादी आत घ्यायला सांगा आणि ३/४ चं काय झालं ते आधी बघा.

आणि हे सगळं होईपर्यंत डेमोवाल्याला की-बोर्डला हात लावू देऊ नका. तो बोट पुढे करेल, ‘थांबा, मी दाखवतो’ म्हणेल. त्याला चहा द्या.