फायबर तुटल्यावर घरचे इंटरनेट

प्रश्न : आमचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बरेच आत आहे. पाऊस सुरू झाला की फांदी पडून फायबरची तार तुटते आणि दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागतात. मुलगी घरून नोकरी करते. दुसरे कनेक्शन न घेता, घरात पडून असलेला जुना मोबाईल आणि जुना राउटर वापरून तात्पुरती सोय होईल का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : होईल. मात्र तार खरोखर तुटली आहे का, हे आधी पाहावे. मोडेमवरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर तारेतून प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे दोष तारेचा. एकही दिवा लागत नसेल, तर बहुधा वीजच नाही. तिथे मोडेमच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो.

तार तुटलेली असल्यास मोबाईलचा हॉटस्पॉट वापरायचाच आहे, पण घरातल्या सर्वांनी थेट त्याला जोडून घ्यावे असे मी सुचवणार नाही. चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या आपल्या घरांत माणसे जिथे बसतात तिथे मोबाईलला रेंज नसते, आणि रेंज मिळते ती माडीवरच्या एखाद्या खिडकीत. म्हणून मोबाईल चार्जरला लावून त्या खिडकीतच ठेवावा आणि मधल्या खोलीतल्या जुन्या राउटरला त्याचे वायफाय पकडून पुढे वाटायला लावावे. राउटरच्या सेटिंगमध्ये यासाठी ‘डब्ल्यूआयएसपी’ नावाचा पर्याय असतो. सगळ्याच राउटरांत तो नसतो, तेव्हा तो आहे का हे प्रथम तपासावे. राउटर जुना असल्याने मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा. भिंतीतून तोच अधिक चांगला पोहोचतो. राउटरच्या वायफायला नेहमीचेच नाव आणि पासवर्ड देऊन मोडेमचे वायफाय तेवढ्यापुरते बंद केले, की लॅपटॉपवर काहीच बदलावे लागत नाही.

सिमकार्ड शक्यतो फायबरच्या कंपनीचे नसावे, कारण त्या कंपनीचा जवळचा टॉवरही त्याच मार्गाच्या तारेवर अवलंबून असू शकतो. व्हिडिओ चालू ठेवलेल्या सामूहिक बैठकीला तासाला १ जीबीच्या आसपास डेटा सहज लागतो. दिवसाला दीड-दोन जीबीचे रिचार्ज असेल, तर फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि संगणकाचे अपडेट त्या दिवसांत थांबवावेत, आणि टीव्हीवरचे वायफाय तर बंदच ठेवावे, नाहीतर नेहमीचे नाव पाहून तो आपोआप जोडला जाईल. सारी जोडणी मे महिन्यातच एकदा करून पाहावी. भर पावसात, काळोखात राउटरचा पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा ते बरे.

घराबाहेर असताना मोबाईलवर पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून सीसीटीव्ही जोडला असेल, तर तो या काळात दिसणार नाही. मोबाईल कंपन्या सहसा इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून आलेली मागणी आपल्या घरापर्यंत पोहोचत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडवरून, म्हणजे तिच्या इंटरनेटवरच्या संगणकांमार्फत, चालणारे कॅमेरे मात्र दिसत राहतात.