हुमण सोडून बोटं मोकळी होत नाहीत

डिचोलीच्या ताई,

तीन वर्षांपूर्वी तुम्हाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, निघाला. सासूबाईंनी आधी आंबट बंद केलं, मग वांगी-टोमॅटो, मग भात, आणि आता बांगडाही. घर हुमण (माशांची आमटी) आणि भात जेवतं, तुमच्या ताटात उकडलेला दुधी. वजन उतरलंय, सकाळी तासभर बोटं आखडलेली ती आहेतच. वर तुम्ही विचारताय, पथ्य आणखी कडक केलं तर आठवड्याची गोळी सोडता येईल का?

नाही. हा आजार आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटल्याने होतो, सोलकढी प्यायल्याने नव्हे. त्याला आवर घालते ती तुमची आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट. ती परस्पर सोडलीत तर सांधे आतून खराब होत जातील, आणि ते नुकसान कुठल्याही पथ्याने भरून येत नाही. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही चुकवू नका.

बांगड्याचं म्हणाल तर सासूबाईंची गल्लत झालीय असं मला वाटतं. तारले, कोळंबी जपून खायची ती युरिक ॲसिडच्या दुखण्यात, म्हणजे गाउटमध्ये. तुमचं दुखणं ते नव्हे. उलट बांगड्या-तारल्यांत ओमेगा-३ भरपूर असतं. त्याने सूज थोडी कमी व्हायला मदत होते. शिवाय या आजारात हृदयालाही जपावं लागतं. आठवड्यातून दोनदा खुशाल खा, तळून नको, हुमणात. सुकं-खारं मात्र बेतानेच, त्यातून स्टिरॉइड चालू असेल तर फारच बेताने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अळसांदे, मूग, अंडी आहेतच. वजन उतरतंय म्हणून प्रथिनं हवीतच, आणि ते डॉक्टरांच्या कानावरही घाला.

आंबट किंवा वांग्याने हा आजार बळावतो याला भक्कम पुरावा नाही. तरी एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर तेवढा एकच तीन आठवडे सोडा, मग पुन्हा खाऊन बघा. एकदम पाच सोडल्यावर कळणार काय, कपाळ?

भात पुन्हा सुरू करा, उकड्या तांदळाची पेजही. नाचणीचं सत्त्व घ्या. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हळद हुमणात हवी तेवढी, पण हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पाहुण्यांच्या आग्रहाखातर उर्राकही (काजूची दारू) नको, या गोळीवर यकृताला ते झेपत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना तुमची काळजीच आहे. पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा, ‘डॉक्टर, मी बांगडा खाऊ का?’ मासे बाजारातूनच साफ करून आणा. आखडलेल्या बोटांनी सकाळी सकाळी सुरी धरू नका. नारळ खवायला आदोळीवर घरातलं दुसरं कुणीतरी बसू दे. हे तोंडाने सांगवत नसेल तर नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या.