सगळेच कॅथलिक फादर गरिबीचं व्रत घेतात का?

नाही. धर्मप्रांताचे (म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाचे) फादर ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन देतात, गरिबीचं व्रत घेत नाहीत. बँक खातं, वडिलोपार्जित जमीन त्यांच्या नावावर राहू शकते. चर्चच्या कायद्याचं कलम २८२ त्यांना साधेपणाने राहायला आणि उरलेलं दानधर्माला द्यायला सांगतं, पण ते व्रत नव्हे. येशूसंघीय (जेझुइट), फ्रान्सिस्कन वगैरे धार्मिक संघांचे फादर मात्र गरिबीचं व्रत घेतात. कलम ६६८ प्रमाणे त्यांनी शिकवून कमावलेला पगारही संघाचा. गोंधळ होतो तो इथेच: पगार संघाला दिला म्हणून करमाफी मिळत नाही. अनुदानित शाळेतल्या फादर-सिस्टरांच्या पगारातून टीडीएस कापावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. प्रॉटेस्टंट पाळकांच्या बाबतीत गरिबीच्या व्रताचा हा प्रश्न सहसा येत नाही. त्यांच्यात बहुधा असं व्रतच नसतं.