पेंटियम २०० एमएमएक्सवर जुने गेम: काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

जुन्या गेमसाठीच्या मशीनमध्ये काय बदलावं, हा तुमचा प्रश्न. मशीन असं: पेंटियम २०० एमएमएक्स प्रोसेसर, इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा बोर्ड, ३२ एमबी रॅम आणि आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड. डॉस आणि विंडोज ९८ चे गेम खेळायला हे उत्तम मशीन आहे. त्यात १२० जीबीची एसएसडी आणि २५६ एमबी रॅम टाकायचा तुमचा बेत मात्र सोडून द्या. अशा मशीनला वेग फारसा कमी पडत नाही. घोडं अडतं ते डिस्क, आवाज आणि डॉसच्या गेमना लागणाऱ्या पहिल्या ६४० केबी मेमरीपाशी.

आधी रॅम. ४३०टीएक्स २५६ एमबी घेतो, पण त्याची एल२ कॅशे (रॅमचं काम वेगवान करणारी छोटी जलद मेमरी) फक्त पहिल्या ६४ एमबीपुरती चालते. विंडोज ९८ मेमरी वरच्या टोकापासून वापरायला घेतं, म्हणजे नेमकी कॅशेबाहेरची. रॅम वाढवल्यावर मशीन उलट मंदावतं ते यामुळेच. ३२ एमबीच्या दोनच एसडीरॅम स्टिक ठेवा आणि एकूण ६४ एमबीवर थांबा.

मशीन चालू करण्याआधी बोर्डवरची बॅटरी बघा. सीआर२०३२ (नाण्यासारखी चपटी) असेल तर नवी बसवा, झालं. वेष्टनातली गोल नळीसारखी रिचार्जेबल बॅटरी असेल तर आजच कापून काढा; ती गळते आणि बोर्डवरचे ट्रॅक खाते. हिरवट डाग दिसले तर पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या. पॉवर सप्लाय एटी या जुन्या प्रकारचा असेल तर बोर्डला जाणारे त्याचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये शेजारी-शेजारी यायला हव्यात. उलटे लावलेत तर बोर्ड गेला. एटी कॅबिनेटच्या समोरच्या बटणापर्यंत थेट मेन्सचा करंट येतो, तेव्हा प्लग काढल्याशिवाय तिकडे हात नको. एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून जोडून ५ व्होल्टची लाइन मोजा: ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर असेल तर सप्लाय बदला.

डिस्कवर सगळ्यात जास्त वेळ जातो. त्या काळातले बरेच अवॉर्ड कंपनीचे बायोस (मशीन सुरू होताना आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क ओळखतानाच अडकून बसतात, काहींना तर ८.४ जीबीच्या पुढचं दिसतच नाही. म्हणून ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते डिस्कच्या केबलला जोडणारा आयडीई अडॅप्टर घ्या. अडॅप्टर मास्टरवर ठेवून प्रायमरी केबलवर एकटाच लावा आणि सीडी ड्राइव्ह सेकंडरीवर न्या. एकाच केबलवर दुसरं उपकरण असलं की बरीच कार्डं रुसतात. बायोसमध्ये डिस्कचा मोड एलबीए ठेवा. जुन्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) आधी काढून ठेवा, मगच पुढे जा.

विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीवरून एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) चालवा, मोठ्या डिस्कच्या प्रश्नाला 'वाय' म्हणा, पार्टिशन करून ॲक्टिव्ह करा, रीस्टार्ट करून 'फॉरमॅट सी: /एस' द्या. फॉरमॅट बिनचूक होऊनही बूट करताना नुसता कर्सर लुकलुकत राहिला, तर कार्डवर बूट कोडच नाही. कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डांवर हे हमखास होतं. 'एफडिस्क /एमबीआर' दिलं की काम होतं. विंडोज बसल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डीएमएची (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय) टिक लावायची घाई नको: स्वस्त अडॅप्टरमध्ये डीएमएच्या दोन लाइनी जोडलेल्याच नसतात आणि टिक लावताच मशीन गोठतं. गेमसाठी पीआयओ मोड ४ (प्रोसेसरच्या हातूनच डेटा नेणारा) पुरतो.

आवाजासाठी ऑटोएक्झेक.बॅट या सुरुवातीला चालणाऱ्या फाइलमध्ये 'सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६' ही ओळ हवी. कार्डही खरोखर त्याच आयआरक्यूवर (उपकरणाने प्रोसेसरला हाक मारायची क्रमांकित लाइन; ओळीतलं 'आय५' म्हणजे ५) असलं पाहिजे. बायोसच्या पीएनपी पानावर आयआरक्यू ५ 'लेगसी आयएसए'साठी राखून ठेवा, नाहीतर एखादं पीसीआय कार्ड तो बळकावतं. ७ वापरू नका, तो प्रिंटर पोर्टचा आहे.

मेमरीसाठी कॉन्फिग.सिस या सेटिंगच्या फाइलमध्ये हिमेम.सिस आणि ईएमएम३८६ हे मेमरी सांभाळणारे ड्रायव्हर आणि 'डॉस=हाय,यूएमबी' ही ओळ हवी. ईएमएस (जुन्या पद्धतीची जादा मेमरी) मागणाऱ्या गेमसाठी ईएमएम३८६ ला 'रॅम' द्या, बाकीच्यांसाठी 'नोईएमएस'. काही गेम ईएमएम३८६ दिसताच चालायला नकार देतात, म्हणून बूट मेनूत फक्त हिमेमचा तिसरा पर्याय ठेवाच. माऊससाठी सीटीमाऊस हा ड्रायव्हर वापरा. त्याला जेमतेम साडेतीन केबी लागतात. मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या 'मेम /सी' या कमांडमध्ये पहिल्या ६४० पैकी ६०० केबीच्या वर मोकळे दिसले की बहुतेक गेम तक्रार करत नाहीत.

आता वेग कमी करण्याचं. काही जुने गेम प्रोसेसरच्या वेगानेच पळतात आणि इथे ते खेळता येत नाहीत. त्यासाठी सेटमल ही छोटी युटिलिटी आहे: 'सेटमल एल१डी' ने एल१ कॅशे (प्रोसेसरच्या आतली) बंद होते आणि मशीन साधारण ३८६ च्या पातळीवर येतं, 'एल१ई' ने पूर्ववत. दोन्ही कमांड गेमच्या बॅच फाइलमध्येच आगेमागे लिहा. 'रनटाइम एरर २००' आला तर तो गेम ज्यात लिहिला त्या टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनातला दोष असतो: ५५ मिलिसेकंदांत झालेली आवर्तनं तो ५५ ने भागतो आणि वेगवान प्रोसेसरवर उत्तर १६ बिटांत मावत नाही. तिथेही आधी कॅशे बंद करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर गेमची एक्झी फाइल टीपीपॅच या युटिलिटीने पॅच करा, मूळ फाइलची कॉपी ठेवून.