गोल्फ : उघड्या जमिनीवरून चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारताना

प्रश्न : ग्रीनपासून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून) पंधरा-वीस पावलांवर गवत झिजून जमीन टणक झाली आहे. तिथून सँड वेजने (वाळूतून चेंडू काढायच्या क्लबने) चिप केला की चेंडू एकतर सपाट सुटून ग्रीनपलीकडे जातो, नाहीतर जागचा जेमतेम हलतो. काय चुकतंय?

उत्तर : दोन्ही वेळा चूक एकच होते. वेज चेंडूआधी जमिनीला लागते. गवतावर ही चूक खपते, कारण सोल (वेजचा तळ) गवतातून घसरत पुढे जातो. टणक जमीन मात्र वेजला वर उसळवते आणि तिची धार चेंडूच्या पोटात बसते. सँड वेजचा बाउन्स (सोल धारेच्या खाली जितका उतरतो तो कोन) साधारण १० ते १४ अंश असतो. वाळूत वेज रुतू नये म्हणून दिलेला हा फुगवटा इथे नडतो. चेंडू उंच जावा म्हणून फेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडलात, म्हणजे आभाळाकडे वळवलात, तर हा फुगवटा आणखीच वाढतो.

चेंडू दोन्ही पायांच्या मध्यापेक्षा जरा मागे ठेवा. ६० टक्क्यांहून थोडं अधिक वजन पुढच्या (लक्ष्याकडच्या) पायावर घ्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत. ५६ अंश लॉफ्टच्या (लॉफ्ट म्हणजे फेसचा तिरकेपणा), १२ अंश बाउन्सच्या वेजची दांडी लक्ष्याकडे ६ अंश झुकवली, की लॉफ्ट ५० आणि बाउन्स ६ उरतो. फार झुकवलीत तर धार जमिनीत घुसेल. चेंडू खालून ‘उचलायला’ गेलात की वजन मागे सरकतं, मनगट दुमडतं आणि पुन्हा तीच उसळी. हा शॉट नेहमीपेक्षा कमी उंचीवरून जाणार, हे आधीच धरून चाला.

खरं तर मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नसेल, तर वेज काढूच नका. ८ नंबरच्या आयर्नने (वेजपेक्षा कमी लॉफ्टच्या क्लबने) पटसारखा, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवतो तसा, स्ट्रोक घ्या. चेंडू ग्रीनच्या काठाच्या आत पाऊलभर टाका, बाकी तो घरंगळत जाईल. वाट गुळगुळीत असेल तर सरळ पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब). दिसायला काही खास नाही, पण पटरचा वाईट फटकासुद्धा उसळलेल्या वेजपेक्षा होलजवळ थांबतो.

प्रश्न : चेंडूजवळचे खडे आणि माती बाजूला करता येते का?

उत्तर : सुटे खडे, पानं काढता येतात. मात्र काढताना चेंडू हलला तर एक दंड फटका, आणि चेंडू मूळ जागी परत. सुटी माती आणि वाळू ग्रीनबाहेर झटकता येत नाही. चेंडूमागची जमीन पायाने किंवा क्लबने दाबून सपाट केलीत तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन दंड फटके.